दंडावरची खूण आणि पेशींची आठवण

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अध्यक्षताईंचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. त्या म्हणाल्या, "या वर्षीचा निधी नवजात बाळांच्या आरोग्याच्या कामाला जाणार आहे. तर विषयाला धरून पंधरा-वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, "ताई, मी इंजिनियर माणूस, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. मंडळात चार-पाच डॉक्टर आहेत, त्यांना सांगा की." त्यावर त्या म्हणाल्या, "ते बोलले की आम्हाला कळत नाही. तू तुला जेवढं कळलंय तेवढंच बोलशील." ही स्तुती होती की काय ते मला अजून समजलेलं नाही. पण आज मी खरंच तेवढंच बोलणार आहे. डॉक्टर मंडळींना कुठे चूक दिसली तर त्यांनी जेवणाच्या वेळी माझा कान धरावा, आत्ता सांभाळून घ्यावं.

सुरुवातीला एक छोटी विनंती. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म भारतात झाला, त्यांनी जरा आपल्या डाव्या दंडाला हात लावून बघा. बऱ्याच जणांना तिथे एक छोटासा खळगा किंवा चकचकीत डाग लागेल. ती बीसीजीची खूण. ज्येष्ठ मंडळींच्या हातावर देवीच्या लशीचाही व्रण असेल, त्याच्याशी गल्लत करू नका. ही बीसीजी आपल्याला क्षयरोगासाठी, म्हणजे टीबीसाठी दिलेली आहे. आपण ती पार विसरून गेलेलो असतो. मीही विसरलो होतो, २०२० च्या मार्च महिन्यापर्यंत.

तो महिना तुम्हाला आठवत असेल. आम्ही ब्राबांटमध्ये राहतो आणि नेदरलँड्समध्ये कोरोनाचे रुग्ण सुरुवातीला सगळ्यात जास्त आमच्याकडेच सापडत होते. घरात बसून मोबाईल बघण्यापलीकडे उद्योग नव्हता. त्यात एक गोष्ट सगळीकडे फिरत होती, की ज्या देशांत बीसीजी देतात तिथे कोरोना कमी आहे. पाठोपाठ दुसरी बातमी आली, की इथल्या इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांना बीसीजी देऊन तिचा उपयोग होतो का ते बघणार आहेत. मी या दोन्ही बातम्या जोडल्या आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "काळजी नको. आपल्या सगळ्यांच्या दंडावर कवच आहे. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञसुद्धा तेच म्हणतायत."

शास्त्रज्ञ तसं म्हणत नव्हते. ते म्हणत होते, बघायला हवं. पण ग्रुपवर मी घरातला इंजिनियर, त्यातून परदेशात राहणारा. माझ्या वाक्याला वजन होतं. पहिला अंगठा आला तो साताऱ्याहून, माझ्या धाकट्या काकांचा.

काकांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून तेहतीस वर्षं काढली. तेव्हा ते सत्तरीचे होते. रोज सकाळी मंडईत जायचे, मास्क हनुवटीला. काकू रागावल्या की म्हणायचे, "पोरगा म्हणालाय, आपल्याकडे कवच आहे." सप्टेंबरमध्ये त्यांना कोरोना झाला. एकोणीस दिवस इस्पितळात, त्यातले अकरा दिवस ऑक्सिजनवर. देवाच्या दयेने घरी आले. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर धापा टाकत मला म्हणाले, "काय रे, ते कवच कुठल्या हातावर असतं म्हणालास? माझ्या डाव्या हातावर तर सलाईन लावलं होतं."

ते हसले. मला हसता आलं नाही. माझ्या मेसेजमुळेच ते आजारी पडले असं मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित तसंही झालं असतं. पण ती टोचणी गेली नाही. थोड्या दिवसांनी त्यांनीच विचारलं, "मग ते सगळं खोटंच होतं का?" या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला सुरुवात केली. आज तुम्हाला जे सांगतो आहे ते मुळात काकांना दिलेलं उत्तर आहे.

तर मंडळी, आपल्या शरीराचं संरक्षण दोन फळ्या करतात, हे आपण शाळेत शिकलो. पहिली फळी जन्मजात असते. आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखी समजा. अनोळखी कोणी दिसला की काठी घेऊन धावायचं, तो कोण, कुठला, याची फार चौकशी करायची नाही. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, जंतू गिळून टाकणाऱ्या मॅक्रोफेज पेशी, ही या फळीतली माणसं. दुसरी फळी सीआयडीसारखी. ती वेळ घेते, एकेका जंतूची फाईल तयार करते आणि तोच जंतू पुन्हा आला की नेमका त्यालाच पकडते. टी पेशी आणि बी पेशी या त्या फळीतल्या. लस म्हणजे या सीआयडीला गुन्हेगाराचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. आणि पुस्तकात पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, की दुसऱ्या फळीला स्मरणशक्ती असते, पहिलीला नसते. वॉचमन रोज सकाळी सगळं विसरून ड्यूटीवर येतो.

हे वाक्य बदलण्यात मोठा वाटा आहे तो आपल्या घरापासून ट्रेनने तासा-दोन तासांवर असलेल्या नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचा. तिथले प्राध्यापक मिहाई नेतेआ हे मूळचे रुमानियातल्या क्लुज गावचे. तिथे डॉक्टर झाले, पीएच.डी.साठी इथे आले आणि इथलेच झाले. म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले! २०१६ साली त्यांना या देशातला विज्ञानाचा सर्वांत मानाचा स्पिनोझा पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. बीसीजी ही लस फ्रान्समधल्या कालमेत आणि गेरँ या जोडीने तयार केली. गाईला होणाऱ्या टीबीचा जंतू त्यांनी १९०८ पासून तेरा वर्षं बटाट्याच्या कापांवर, पित्त आणि ग्लिसरीन घालून वाढवला. दर काही आठवड्यांनी नवा बटाटा, असं दोनशेतीसच्या वर वेळा. शेवटी जंतू जिवंत राहिला पण त्याची नांगी मोडली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ती लस पाजली. हो, तेव्हा ती तोंडाने देत. १९२७ मध्ये स्वीडनच्या उत्तर भागात कार्ल नेसलुंड नावाच्या डॉक्टरांनी ती बाळांना द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. लस दिलेल्या बाळांचा मृत्युदर न दिलेल्यांच्या साधारण एक तृतीयांश होता. आता गंमत अशी, की एवढ्या तान्ह्या वयात टीबीने मरणारी बाळं मुळात इतकी नसतात. म्हणजे टीबीची लस दुसऱ्याच कुठल्या तरी आजारांपासून वाचवत होती का? त्या काळी याला उत्तर नव्हतं. वॉचमनला स्मरणशक्ती नसते, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं ना!

पुढे १९७८ पासून पीटर आबी हे डॅनिश संशोधक पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या गरीब देशात काम करू लागले. तिथे कमी वजनाच्या बाळांना जन्मतःच बीसीजी दिली तर काय होतं, याच्या तीन चाचण्या त्यांच्या गटाने केल्या. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या बाळांना लगेच लस आणि अर्ध्यांना तिथल्या रिवाजाप्रमाणे उशिरा. २०१७ मध्ये तिन्हींचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा लगेच लस मिळालेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी भरले. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता नायमेखेनला येऊ. तिथे वीस निरोगी माणसांना बीसीजी टोचून, आधी आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. टीबीचे जंतू दाखवल्यावर पेशी जास्त जोमाने उठल्या, हे अपेक्षितच होतं. पण टीबीशी काही नातं नसलेले जंतू आणि कँडिडा नावाची बुरशी दाखवली, तरीसुद्धा मोनोसाइट पेशी पहिल्यापेक्षा साधारण दुप्पट जोराने धोक्याची रसायनं सोडत होत्या! आणि तीन महिन्यांनी पाहिलं तरी तो जोर टिकून होता. मग त्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांना दुसरी फळीच नसते, टी नाहीत आणि बी नाहीत. त्यांना बीसीजी दिल्यावर ते बुरशीच्या जंतुसंसर्गातून जास्त वाचले. म्हणजे हे काम सीआयडीचं नव्हतंच. वॉचमनने काहीतरी लक्षात ठेवलं होतं. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिलं होतं, 'ट्रेन्ड इम्युनिटी'. मी काकांना सांगताना त्याला 'तालीम मिळालेली प्रतिकारशक्ती' म्हटलं. साताऱ्याच्या माणसाला तालीम वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण वॉचमन लक्षात ठेवतो कुठे? त्याच्याकडे वही नाही. इथे आजच्या विषयाचा गाभा येतो, तेव्हा दोन मिनिटं नीट लक्ष द्या.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. तो सरळ केला तर साधारण दोन मीटर लांबीचा धागा होईल. एवढा धागा त्या इवल्याशा पेशीत मावावा म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. ज्या ठिकाणी गुंडाळी घट्ट, तिथली जनुकं वाचता येत नाहीत. जिथे सैल, तिथली चटकन वाचता येतात. आणि कुठे घट्ट, कुठे सैल, हे ठरवायला त्या रिळांवर छोटी छोटी रासायनिक लेबलं चिकटवलेली असतात. मिथाइल, असिटाइल अशी त्यांची नावं. या लेबलांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

तुमच्या आईच्या किंवा आजीच्या हातची पाककृतींची जुनी वही आठवा. वहीतला मजकूर बदललेला नसतो. पण पुरणपोळीचं पान हळद-तुपाने डागाळलेलं असतं, कोपरा दुमडलेला असतो, वही हातात घेतली की तेच पान आपोआप उघडतं. पेशीचंही तसंच. बीसीजी टोचल्यावर मोनोसाइट पेशीला आपल्या आतल्या एका संवेदकाकडून, ज्याचं नाव नॉड-२, वर्दी मिळते. पेशी आपली साखर जाळण्याची पद्धत बदलते, झटपट ऊर्जा मिळेल अशी करते. आणि धोक्याची रसायनं बनवण्याच्या पाककृती ज्या पानांवर आहेत, त्या पानांचे कोपरे दुमडून ठेवते. डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर प्रोग्राम तोच, फक्त सेटिंग बदललं. हे दुमडणं थांबवणारं रसायन वापरून पाहिलं, तर तालमीचा परिणामच नाहीसा झाला. त्यावरून आठवण याच खुणांमध्ये आहे हे पक्कं झालं.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे गरम इंजिन. सकाळी थंड गाडीला दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. तीच गाडी फेरी मारून आली, दहा मिनिटं थांबली, की अर्ध्या सेल्फला उठते. इंजिन तेच असतं." मी वाचलेल्या सगळ्या लेखांत मला इतकं चांगलं उदाहरण मिळालं नाही.

मात्र काकांनी लगेच पुढचं विचारलं, "आणि गार किती वेळात होतं?" इथेच माझी मेख होती.

मोनोसाइट पेशी रक्तात जेमतेम काही दिवस जगतात. मग तीन महिन्यांनी आठवण कोणाकडे राहिली? याचं उत्तर २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून आणि २०२० मध्ये माणसांच्या अस्थिमज्जेच्या तपासणीतून मिळालं. ज्या कारखान्यात या पेशी तयार होतात, त्या हाडातल्या मगजातल्या मूळ पेशींवरच बीसीजीचा ठसा उमटतो. त्यामुळे तिथून नव्याने भरती होणारा वॉचमनही तालीम घेऊनच येतो. तरीसुद्धा हा परिणाम मोजला गेला आहे तो महिन्यांच्या, फार तर वर्षाच्या हिशोबात. काकांना बीसीजी मिळाली ती १९५० च्या दशकात, जेव्हा सरकारी पथकं शाळाशाळांत जाऊन टोचत होती. दंडावरचा डाग साठ वर्षांनी तसाच राहतो. आतली खूण तशीच राहते असं समजण्याला काही आधार नव्हता. मी डाग पाहून कवच म्हटलं होतं.

इथे राहणाऱ्या आपल्याला एक शंका येईल. एपिजेनेटिक खुणा तर आयुष्यभर टिकतात म्हणे, त्या हॉंगरविंटरच्या गोष्टीत? बरोबर आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या देशाच्या पश्चिम भागात उपासमार झाली, सुमारे वीस हजार माणसं गेली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएवरच्या खुणा साठ वर्षांनंतर तपासल्या. तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्या भावंडांपेक्षा कमी मिथाइल लेबलं आढळली. लायडनच्या संशोधकांचा सहभाग असलेलं हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती खूण पडली ती गर्भाचा पाया रचला जात असताना. पायातली वीट आणि भिंतीवरचा रंग यांत फरक असायचाच.

आता या तालमीचा खरा उपयोग किती? नायमेखेनच्याच गटाने २०१८ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना आधी बीसीजी किंवा नुसतं पाणी टोचलं. महिन्याने सगळ्यांना पीतज्वराची लस दिली, ज्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. बीसीजीवाल्यांच्या रक्तात तो विषाणू कमी आढळला. ग्रीसमध्ये इस्पितळातून घरी जाणाऱ्या पासष्टीच्या पुढच्या १९८ जणांवर चाचणी झाली. वर्षभरात नुसतं पाणी मिळालेल्यांपैकी ४२ टक्क्यांना कुठला ना कुठला जंतुसंसर्ग झाला, बीसीजीवाल्यांपैकी २५ टक्क्यांना. २०२० साली हे वाचून माझ्यासारख्यांना स्फुरण चढलं नसतं तर नवल.

पण मंडळी, मग मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. इथल्या पंधराशेच्या वर आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये बीसीजीने आजारपणाच्या रजा कमी झाल्या नाहीत. साठीच्या पुढच्या, आधीच दुसरे आजार असलेल्या सहा हजारांवर डच नागरिकांची चाचणी झाली, तिथेही कोरोना रोखला गेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या, नेदरलँड्सही सामील असलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. जवळजवळ चार हजार आरोग्य कर्मचारी होते. सहा महिन्यांत लक्षणांसह कोरोना झाला तो बीसीजीवाल्यांपैकी १४.७ टक्क्यांना आणि नुसतं पाणी मिळालेल्यांपैकी १२.३ टक्क्यांना. म्हणजे फायदा शून्य.

याचा अर्थ प्रयोगशाळेतलं खोटं होतं असा नाही. पेशींवरच्या खुणा खऱ्या आहेत, त्या आजही दिसतात. पण पेशीने जोरात ओरडणं आणि माणूस आजारी न पडणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर माझ्या एका मेसेजने मी उडी मारून पार केलं होतं. मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. ज्यांनी ही कल्पना मांडली, त्यांनीच ती तपासायच्या चाचण्यांत भाग घेतला आणि निकाल विरुद्ध गेले तेही छापून मोकळे झाले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आपल्याच प्रोग्राममधला बग सांगायला किती जड जातं, ते मला माहीत आहे.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. तालीम नेहमी चांगलीच असते असं नाही. काकांचं गरम इंजिन चालूच ठेवलं तर डिझेल जळतं आणि धूर होतो. तसंच पहिली फळी उगाच तापलेली राहिली तर शरीरात आतून सूज राहते. जर्मनीत बॉनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांना चार आठवडे तेलकट, गोड, चोथा नसलेलं पाश्चात्त्य खाणं दिलं. नंतर साध्या खाण्यावर आणलं. रक्तातली सूज उतरली, पण मगजातल्या मूळ पेशींवरच्या खुणा राहिल्या, आणि पेशी पुढच्या धोक्याला अवाजवी जोराने उठत राहिल्या. खराब झालेलं कोलेस्टेरॉलसुद्धा मोनोसाइटला अशीच तालीम देतं, हे नायमेखेनच्याच लोकांनी दाखवलं आहे. रक्तवाहिन्यांच्या आजारात याचा हात असावा, या दिशेने बरंच काम चालू आहे. मी हे बटाटेवड्याच्या प्लेटकडे बघून सांगतोय असं कृपया समजू नका. वडे निधीसाठी आहेत, ते संपवायचेच आहेत.

याच्या उलटही घडतं. मोठ्या जंतुसंसर्गात, सेप्सिसमध्ये, या पेशी इतक्या दमतात की नंतर कशालाच दाद देत नाहीत. तिथेही रिळांवरच्या खुणा बदललेल्या असतात, पण पानं चिकटून बंद होतात. ती पुन्हा कशी उघडायची, हा आता मोठा प्रश्न आहे. उद्या कदाचित याच ज्ञानातून इस्पितळात उपयोगी पडणारी औषधं निघतील. 'कदाचित' हा शब्द मी आता विसरत नाही.

आता शेवटाकडे, म्हणजे बाळांकडे येतो.

गिनी-बिसाऊचा तो ३८ टक्क्यांचा आकडा मी लक्षात ठेवायला सांगितला होता. तोच आकडा सांगून मी तुम्हाला म्हणू शकलो असतो, की पाकीट उघडा, तुमच्या प्रत्येक युरोने इतकी बाळं वाचतील. टाळ्याही मिळाल्या असत्या. पण दक्षिण भारतात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बाळांवर अशाच चाचण्या झाल्या, २०१९ मध्ये त्यांचे निकाल आले. तिथे रशियन वाणाच्या बीसीजीने मृत्युदरात फरक पडल्याचं दिसलं नाही. गिनी-बिसाऊत डॅनिश वाण होतं. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजी मॉस्को वाणाची असते. फरक वाणाचा आहे, की जागेचा, की इस्पितळातल्या सोयींचा, यावर अजून अभ्यास चालू आहे. एकदा अर्धी बातमी पुढे ढकलून बसलो आहे, आज दुसऱ्यांदा तेच करणार नाही.

मग देणगी कशासाठी द्यायची? जे पक्कं माहीत आहे, त्यासाठी. बीसीजी लहान मुलांना टीबीच्या सर्वांत भयंकर प्रकारांपासून वाचवते. मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी. याबद्दल दुमत नाही. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक आजही भारतात आहे. भारताच्या लसीकरणाच्या वेळापत्रकात बीसीजी जन्मल्याबरोबर किंवा शक्य तितक्या लवकर द्यायची असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ज्या बाळाचा जन्म सातपुड्यातल्या पाड्यावर होतो, जिथून आरोग्य केंद्र डोंगरापलीकडे आहे आणि पावसाळ्यात वाट बंद होते, त्याच्यासाठी 'जन्मल्याबरोबर' या शब्दाला काय अर्थ? आपला निधी नंदुरबार जिल्ह्यातल्या ज्या कामाला जाणार आहे, ते काम हेच आहे. बाळंतिणीला वेळेवर केंद्रात आणायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, आईचं दूध सुरू करून द्यायचं आणि लस चुकू द्यायची नाही. यात नवं शास्त्र काही नाही. गाडीचं डिझेल, ताईंचं मानधन आणि वजनकाटा आहे.

आमच्या मुलीचा जन्म इथलाच. नेदरलँड्समध्ये बीसीजी सगळ्यांना देत नाहीत. पण आई-वडिलांपैकी कोणी टीबी जास्त असलेल्या देशातून आलेलं असेल तर त्या बाळासाठी सांगतात. आम्हाला पत्र आलं, वेळ मिळाली, गाडीने पंधरा मिनिटांत जीजीडीच्या केंद्रात पोचलो, नर्सबाईंनी टोचलं, कागदावर नोंद झाली. सगळं मिळून अर्धा तास. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आता तिच्या दंडावरचा तो बारीक डाग दिसला, की वाटतं, हा अर्धा तास मिळणं न मिळणं किती गोष्टींवर अवलंबून असतं.

आजचं भाषण लिहून झाल्यावर मी काकांना फोनवर वाचून दाखवलं. आता ते बरे आहेत, जिना चढताना दम लागतो तेवढाच. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तेव्हा तू मला मॅन्युअलची निम्मीच पानं वाचून दाखवली होतीस." मी म्हटलं, "हो काका." ते म्हणाले, "आता तिथे पूर्ण वाचून दाखव. आणि माझ्या नावाने पाच हजार टाक, इथे आलास की देतो."

काकांचे पाच हजार रुपये मी दाराजवळच्या पेटीत युरो करून टाकले आहेत. ते अजून मला मिळायचे आहेत, पण तो आमचा घरचा हिशोब. तुम्ही आपापल्या घरचा हिशोब करून पेटीपाशी यावं, एवढीच विनंती.